पेशीपटलातले पंप आणि विषाची वाट: यीस्ट व रोडामाइन ६जी यांचा प्रयोग, पहिल्यापासून शेवटपर्यंत

पावसाळ्यात ठाण्याजवळच्या येऊरच्या रानवाटांवर कळलावीची लाल-पिवळी, ज्वाळांसारखी फुले दिसतात. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन असते. हे विष पेशीत शिरले की ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते आणि पेशीविभाजन अडवते. १९७६ साली टोरांटोत रुडॉल्फ ज्युलियानो आणि व्हिक्टर लिंग यांनी याच कोल्चिसिनला न जुमानणाऱ्या चिनी हॅमस्टरच्या पेशी तपासल्या. त्या पेशींच्या पटलात सुमारे १७० किलोडाल्टन वजनाचे एक ग्लायकोप्रोटीन, म्हणजे शर्करा जोडलेले प्रथिन, भरपूर प्रमाणात होते. त्याला नाव मिळाले पी-ग्लायकोप्रोटीन. त्यातला ‘पी’ म्हणजे ‘पर्मिअ‍ॅबिलिटी’, पार्यता. विष आत शिरण्याची वाटच या प्रथिनामुळे अरुंद होते, असे तेव्हा वाटले होते. पुढे कळले की विष आत येते, पण हे प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीचे ऊर्जेचे चलन, खर्चून ते पुन्हा बाहेर फेकते. नाव मात्र तेच राहिले.

पेशीवर विषाचा परिणाम कमी दिसण्याची कारणे तीन असू शकतात. ते आलेच नसेल, आले आणि बाहेर फेकले गेले असेल, किंवा आतच कुठेतरी कोंडले गेले असेल. तिन्हींत शेवटी पेशी तगलेलीच दिसते. पुढचा सगळा प्रयोग यांतले दुसरे कारण, बाहेर फेकणे, वेगळे ओळखण्यासाठी आहे. ठाणे-नवी मुंबईतल्या पदवी आणि पदव्युत्तर वर्गांच्या प्रयोगशाळेत जी साधने असतात, त्यांवर तो एका दिवसात बसतो.

विषाच्या वाटा

काही विषे दारातूनच येतात, आणि ते दार दुसऱ्याच कामासाठी असते. अमानिटा जातीच्या विषारी अळंबीतले अल्फा-अमानिटिन यकृतालाच का जाळते? कारण यकृतपेशींच्या पटलात ओएटीपी१बी३ नावाचा वाहक असतो. त्याचे काम पित्ताम्लांसारखे रेणू आत घेण्याचे, पण त्या ओघात अमानिटिनही आत जाते. आर्सेनिकचेही तसेच. पाण्यात उदासीन रूपात असलेले आर्सेनाइट आकाराने ग्लिसरॉलसारखे असते, म्हणून यीस्टमध्ये ते एफपीएस१ या ग्लिसरॉलच्या वाहिनीतून घुसते. भाताच्या मुळांत सिलिकॉन शोषणारी एलएसआय१ ही वाहिनी त्याला आत घेते. पाणी साचलेल्या खाचरात आर्सेनिक बहुतांशी आर्सेनाइट रूपात राहते, त्यामुळे इतर धान्यांपेक्षा तांदळात ते जास्त येते.

दुसरी वाट बाहेर फेकण्याची. पी-ग्लायकोप्रोटीनमध्ये १२८० अमिनो आम्ले असतात. त्याची साखळी पटलातून बारा वेळा आरपार जाते आणि एटीपी बांधणारे दोन भाग पेशीच्या आतल्या बाजूला राहतात. आतडे, मूत्रपिंड, यकृत आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे अस्तर ही त्याची मुख्य ठाणी. मेंदूच्या दारातला हा पंप किती कामाचा आहे, ते १९९४ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये दिसले. तिथे या पंपाचे जनुक काढून टाकलेले उंदीर ठेवले होते. पिंजऱ्यांतल्या गोचिडांसारख्या बारीक किड्यांसाठी आयव्हरमेक्टिन वापरले, आणि एरवी निरुपद्रवी ठरणाऱ्या मात्रेत ते उंदीर मेले. कोली जातीच्या पुष्कळ कुत्र्यांत याच जनुकातून चार अक्षरे गळालेली असतात, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा कुत्र्याला आयव्हरमेक्टिनची नेहमीची मोठी मात्रा दिली तर ते थेट मेंदूत जाते. कुत्रा पाळणाऱ्यांनी पशुवैद्याला जात सांगायला विसरू नये, ती याचसाठी.

तिसरी वाट कोंडून ठेवण्याची. यीस्टच्या रिक्तिकेच्या, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीच्या, पटलात वायसीएफ१ नावाचा पंप असतो. कॅडमियम आधी ग्लुटाथायोन या पेशीतल्याच छोट्या रेणूशी बांधले जाते आणि मग ती जोडी हा पंप रिक्तिकेत ढकलतो. विष पेशीतच असते, पण जिथे घात करू शकेल तिथे नसते. एडीई२ जनुक बिघडलेले यीस्ट अ‍ॅडेनिन कमी पडले की लालसर वसाहती देते. तो लाल रंगही ग्लुटाथायोनच्या जोडीने रिक्तिकेतच साठतो. प्रयोगशाळेत अशी ताटली असेल तर ‘कोंडणे’ डोळ्यांनी दिसते. कॅडमियम मात्र विद्यार्थ्यांच्या हातात देऊ नका, त्याची इथे काहीच गरज नाही.

रोडामाइन ६जी का

आपल्याला खरे विष नको, विषासारखे वागणारे आणि मोजता येणारे काहीतरी हवे. रोडामाइन ६जी हा धनभारित, थोडा मेदप्रेमी, गडद गुलाबी रंग आहे. बेकरीतल्या यीस्टच्या प्रद्रव्यपटलातला (पेशीच्या बाहेरच्या पटलातला) पीडीआर५ हा पंप तो बाहेर फेकतो. पीडीआर५ हा पी-ग्लायकोप्रोटीनच्याच एबीसी (एटीपी बांधणाऱ्या वाहकांच्या) कुळातला, १५११ अमिनो आम्लांचा. बुरशीनाशक अ‍ॅझोल औषधेही तो फेकतो. कॅन्डिडा अल्बिकन्स या माणसाला बाधणाऱ्या बुरशीतला सीडीआर१ हा त्याचा सख्खा भाऊ. तो १९९५ मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठातले राजेंद्र प्रसाद आणि त्यांच्या बेल्जियममधल्या सहकाऱ्यांनी शोधला. तेव्हा या पंपांचा अभ्यास आपल्याकडेही जुना आहे.

रंगाच्या बाबतीत हयगय नको. बाटलीवर ‘रोडामाइन ६जी’ असेच हवे. रोडामाइन बी हा वेगळा रेणू आहे. बाजारात मिळणारा गुलाबी रंग तर काय आहे, हेच ठाऊक नसते.

साहित्य

यीस्ट: सॅकरोमायसिस सेरेव्हिसीचा एखादा शुद्ध वाण. चंदीगडच्या आयएमटेकमधल्या एमटीसीसी संग्रहातून किंवा पुण्याच्या एनसीएलमधल्या एनसीआयएम संग्रहातून तो मागवता येतो. बीवाय४७४१ हा वाण आणि त्याचाच पीडीआर५ काढलेला भाऊवाण मिळाला तर प्रयोगाला खरी धार येते. भाऊवाण यीस्टवर काम करणाऱ्या संशोधन प्रयोगशाळेकडे मागा, किंवा युरोपातल्या युरोस्कार्फ संग्रहातून मागवा. वाशीच्या बाजारातले कोरडे बेकरी यीस्ट शिकवणीपुरते चालते, पण पाकिटातून काढून थेट वापरू नका. आधी ताटलीवर पसरून एकच वसाहत उचला. पाकिटातल्या पेशी सुप्त असतात, पुष्कळशा मेलेल्याही असतात.

वायपीडी माध्यम: १ लिटरला यीस्ट एक्स्ट्रॅक्ट १० ग्रॅम, पेप्टोन २० ग्रॅम, ग्लुकोज २० ग्रॅम. ग्लुकोज वेगळे निर्जंतुक करून मग मिसळा. एकत्र ऑटोक्लेव्ह केले तर माध्यम तपकिरी होते. पावसाळ्यात ही पावडर हवेतला ओलावा पिऊन दगडासारखी होते आणि वजन चुकते, म्हणून डबी उघडल्यावर लगेच सिलिका जेलच्या पुडीसकट बंद करा.

बफर: हेपेस ५० मिलिमोलर, पीएच ७.०. ५०० मिलिलिटरला ५.९६ ग्रॅम, पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने जुळवा. ऊर्ध्वपातित पाणीच घ्या. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, मग ते मोरबे धरणाचे असो की एमआयडीसीचे.

रोडामाइन ६जी, १ मिलिमोलर: ४.७९ मिलिग्रॅम १० मिलिलिटर पाण्यात. पुष्कळ ठिकाणी तो अल्कोहोलमध्ये विरघळवतात. या प्रयोगात ते टाळावे, कारण अल्कोहोल हे यीस्टचे खाद्य आहे आणि आपल्याला पेशी उपाशी ठेवायच्या आहेत. या तीव्रतेला हा रंग पाण्यात नीट विरघळतो. बाटलीला अ‍ॅल्युमिनियमचा चंदेरी कागद गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा.

२-डिऑक्सिग्लुकोज: ५ मिलिमोलर, म्हणजे १० मिलिलिटर बफरला ८.२ मिलिग्रॅम. ग्लुकोज १ मोलर: १०० मिलिलिटरला १८ ग्रॅम. सॉर्बिटॉल १ मोलर: १०० मिलिलिटरला १८.२ ग्रॅम.

बर्फ भरपूर लागतो. नळ्या झाकणबंद असतात, त्यामुळे मासळी बाजारातला चुरा बर्फही चालतो.

आदल्या संध्याकाळी आणि सकाळी

आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास एक वसाहत १० मिलिलिटर वायपीडीत सोडा. ३० अंश सेल्सिअस, मिनिटाला २०० फेरे. सकाळी आठ वाजता ओडी (प्रकाशीय घनता, म्हणजे पेशींच्या दाटपणाचे माप) मोजा. यंत्र ०.५ च्या पुढे नीट मोजत नाही, म्हणून वीसपट पातळ करून मोजा आणि विसाने गुणा. मग ५०० मिलिलिटरच्या चंबूत १०० मिलिलिटर ताजे वायपीडी घेऊन त्यात ओडी ०.१५ येईल इतके रात्रीचे यीस्ट घाला. रात्रीचे ओडी ८ असेल तर सुमारे १.९ मिलिलिटर. नव्वद मिनिटांना दुप्पट या हिशेबाने साधारण सव्वाबारापर्यंत ओडी १ होते.

ओडी १ ला थांबायचे, पुढे नाही. पीडीआर५ वाढीच्या ऐन भरात पटलात भरपूर असतो आणि वाढ मंदावली की झपाट्याने कमी होतो. रात्रभर वाढून थकलेल्या पेशी घेतल्या, तर प्रयोग ‘फसतो’ आणि यीस्टला पंपच नाही असा निष्कर्ष निघतो. अपयशी प्रयोगांत हे कारण सर्वांत आधी तपासावे.

आपल्या हवामानाची एक अडचण इथेच येते. साध्या इनक्युबेटरला गरम करता येते, थंड करता येत नाही. मेमध्ये ठाण्यात खोलीच ३३-३४ अंशांवर असली, तर त्याचा काटा ३० वर लावून उपयोग नाही. थंड करणारा शेकर नसेल तर वातानुकूलित खोलीत ठेवा आणि चंबूशेजारी पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर बुडवून खरे तापमान लिहून ठेवा.

उपाशी ठेवणे आणि रंग भरणे

१०० मिलिलिटर यीस्ट सेंट्रिफ्यूजमध्ये १५०० ते २००० जी ला ५ मिनिटे फिरवा. ‘जी’ (गुरुत्वाच्या पटीतले बल) आणि ‘आरपीएम’ (मिनिटाचे फेरे) एक नाहीत. रोटरची त्रिज्या १० सेंटिमीटर असेल तर ४००० आरपीएमला सुमारे १८०० जी मिळते, आणि यीस्ट तेवढ्यात बसते. तळाशी बसलेल्या पेशी गार बफरने दोनदा धुवा. माध्यमातले ग्लुकोज राहिले तर पुढचे सगळे व्यर्थ.

आता पेशी १० मिलिलिटर बफरमध्ये घ्या. ओडी सुमारे १० होईल. त्यात २-डिऑक्सिग्लुकोज ५ मिलिमोलर आणि रोडामाइन १५ मायक्रोमोलर घाला, म्हणजे १ मिलिमोलर द्रावणाचे १५० मायक्रोलिटर. ३० अंशांवर ९० मिनिटे हलवत ठेवा.

२-डिऑक्सिग्लुकोज ग्लुकोजसारखे दिसते, पेशी ते आत घेते, एटीपी खर्चून त्याला फॉस्फेट लावते, आणि मग ते पुढे जात नाही. पेशीची गंगाजळी रिकामी होते. एटीपी नाही म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे रंग आत साठतो. हे रसायन मिळाले नाही तर पेशी साखरेविना नुसत्या बफरमध्ये अडीच-तीन तास हलवून मग रंग भरता येतो, पण पेशीत साठवलेला ग्लायकोजेन असतो आणि उपास पुरा होत नाही. त्यामुळे पुढच्या निकालात पाया थोडा उंच राहतो.

नव्वद मिनिटांनी पेशी खाली बसवा आणि वरचा द्रव फेकू नका. त्याचे आकारमान आणि रंग मोजायचे आहेत. गार बफरने दोनदा धुवा, तेही पाणी वेगळे ठेवा. गाळ आता गडद गुलाबी दिसेल. पेशी १० मिलिलिटर ताज्या गार बफरमध्ये घ्या, या वेळी २-डिऑक्सिग्लुकोज नाही.

पंप चालू करणे

तीन नळ्यांत प्रत्येकी ३ मिलिलिटर पेशी घ्या. अ आणि ब नळ्या ३० अंशांवर पाच मिनिटे ठेवा, क नळी बर्फातच राहील. प्रत्येक नळीतून आधी ५०० मायक्रोलिटरचा शून्य मिनिटांचा नमुना काढा. मग घड्याळ लावून:

अ नळीत १ मोलर ग्लुकोज, उरलेल्या अडीच मिलिलिटरला ५० मायक्रोलिटर. तीव्रता सुमारे २० मिलिमोलर होते.
ब नळीत तेवढेच सॉर्बिटॉल.
क नळीत, बर्फातच, तेवढेच ग्लुकोज.

ब मध्ये नुसते पाणी घालणे सोपे होते, मग सॉर्बिटॉल का? ग्लुकोजने द्रावणाची परासरणी घट्टता वाढते, आणि काही रंग त्या धक्क्यानेच बाहेर आला असे कोणी म्हणू शकते. सॉर्बिटॉल तेवढाच धक्का देतो, पण एवढ्या वेळात यीस्टला त्यातून ऊर्जा मिळत नाही. अ आणि ब मधला फरक म्हणजे ऊर्जेचा फरक, दुसरे काही नाही. क नळी वेगळा प्रश्न विचारते. पटलातून नुसती गळती असेल तर ती थंडीत मंदावते, पण पंप जवळजवळ ठप्पच होतो.

५, १०, २० आणि ३० मिनिटांना प्रत्येक नळीतून ५०० मायक्रोलिटर काढा. नमुना आधीच बर्फात गार केलेल्या छोट्या नळीत घ्या आणि लगेच १०,००० जी ला ३० सेकंद फिरवा. वरचे ४०० मायक्रोलिटर उचलून वेगळे ठेवा. नमुने टेबलावर गोळा करून शेवटी एकत्र फिरवण्याचा मोह होतो. तसे केले तर पेशी त्या वेळातही पंप चालवत राहतात, आणि पाच मिनिटांचा नमुना प्रत्यक्षात वीस मिनिटांचा होतो. एकाने घड्याळ, एकाने पिपेट आणि एकाने सेंट्रिफ्यूज सांभाळणे उत्तम.

मोजणे

४०० मायक्रोलिटर नमुन्यात ४०० मायक्रोलिटर बफर मिसळून लहान क्युव्हेटमध्ये ५२७ नॅनोमीटरला शोषण मोजा. मग दोनने गुणा. मानक आलेखासाठी ०.५, १, २, ४ आणि ८ मायक्रोमोलर रंग त्याच बफरमध्ये बनवा. पाण्यात १ मायक्रोमोलरला शोषण ०.०८ ते ०.०९ च्या आसपास येते. तुमचे याहून फारच वेगळे आले तर वजन किंवा पातळीकरण तपासा. साधा कलरिमीटर असेल तर ५२० किंवा ५३० चा फिल्टर चालतो, पण मोठ्या क्युव्हेटसाठी सगळे दुप्पट प्रमाणात करा. फ्लुओरिमीटर असेल तर ५२९ ला उद्दीपन आणि ५५३ ला मापन. तेव्हा नमुने १ मायक्रोमोलरच्या खाली आणा, नाहीतर रंग स्वतःचाच प्रकाश गिळतो.

प्रत्येक नमुना ६०० नॅनोमीटरलाही मोजा. रोडामाइन ६जी तिथे जवळपास काहीच शोषत नाही. तिथे आकडा दिसला तर वरच्या द्रवात पेशी राहिल्या आहेत. तो नमुना पुन्हा फिरवा.

आणखी एक नळी हवी: पेशी नाहीत, फक्त बफर आणि ५ मायक्रोमोलर रंग, तेवढाच वेळ, त्याच प्लॅस्टिकमध्ये. धनभारित रंग काच आणि प्लॅस्टिकला चिकटतो. किती चिकटला हे कळल्याशिवाय पुढचा जमाखर्च जुळत नाही.

जमाखर्चाचे एक उदाहरण घेऊ, आकडे केवळ हिशेबासाठी. सुरुवातीला १५ मायक्रोमोलर गुणिले १० मिलिलिटर, म्हणजे १५० नॅनोमोल रंग. भरण्याच्या द्रवात उरले ३० नॅनोमोल, धुण्याच्या पाण्यात ५. पेशींत गेले ११५. पेशी एकूण १०० ओडी-मिलिलिटर (ओडी १० गुणिले १० मिलिलिटर), म्हणून प्रत्येक एककाला १.१५ नॅनोमोल. वीस मिनिटांनी अ नळीच्या द्रवात ४ मायक्रोमोलर दिसले, तर एका मिलिलिटरमागे ४ नॅनोमोल आणि ओडी १० असल्याने एककाला ०.४ नॅनोमोल. ०.४ भागिले १.१५ म्हणजे ३५ टक्के. ब नळीत त्याच वेळी ६ टक्के आले असतील तर ऊर्जेवर चाललेला निचरा २९ टक्के. टक्केवारीच लिहा, नुसते शोषण लिहू नका. दोन वाणांनी मुळात वेगवेगळा रंग भरून घेतला असेल तर नुसत्या शोषणाची तुलना फसवी ठरते. पीडीआर५ नसलेला वाण अनेकदा जास्त रंग भरतो, त्यामुळे त्याच्या गळतीचा आकडाही मोठा दिसू शकतो.

आलेख वाचताना

अ चा आलेख पहिल्या पाच-दहा मिनिटांत झपाट्याने चढतो आणि मग आडवा होतो. आडवा झाला म्हणजे पंप थकला, असे लगेच म्हणू नका. ओडी १० इतके दाट यीस्ट २० मिलिमोलर ग्लुकोज अर्ध्या तासाच्या आसपास संपवू शकते. एका वेगळ्या नळीत वीस मिनिटांनी ग्लुकोजचा दुसरा हप्ता द्या. आलेख पुन्हा चढला तर शिधा संपला होता. नाही चढला तर बाहेर आलेला रंग तेवढ्याच वेगाने परत आत येतो आहे. तोल गाठला गेला आहे.

या प्रयोगातला सगळ्यात भक्कम पुरावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. ग्लुकोज मिळताच पीएमए१ हा दुसरा पंप प्रोटॉन बाहेर टाकू लागतो. त्याने पटलाची आतली बाजू अधिक ऋण होते. रोडामाइन धनभारित आहे, म्हणजे ऊर्जा मिळाल्यावर त्याने खरे तर आणखी आत ओढले जायला हवे. तरीही तो बाहेर येतो. प्रवाहाविरुद्ध कोणीतरी त्याला ढकलते आहे. नुसती गळती हे करू शकत नाही.

मात्र ढकलणारा पीडीआर५ आहे, हे एवढ्याने सिद्ध होत नाही. यीस्टच्या पटलात एसएनक्यू२, वायओआर१ असे आणखी पंप आहेत. त्यासाठी भाऊवाण लागतो. तोच दिवस, तोच बफर, त्याच नळ्या, आणि पीडीआर५ नसलेल्या वाणात अ आणि ब चे आलेख जवळ आले, तरच नाव घ्या. भाऊवाण नसेल तर एफके५०६ हे औषध १० मायक्रोमोलर घालून पंप अडवता येतो. ते महाग आहे आणि प्रतिकारशक्ती दडपणारे आहे, म्हणून हातमोजे घालून शिक्षकांनीच मोजावे. दोन्ही शक्य नसतील तर अहवालात ‘ऊर्जेवर चालणारा निचरा’ एवढेच लिहा. ते वाक्य लहान असले तरी पूर्ण खरे आहे.

बिघाड आणि त्यांची मुळे

ब नळीतही रंग भराभर येत असेल तर उपास अपुरा आहे किंवा पेशी मेल्या आहेत. रंग न भरलेल्या पेशींचा वेगळा थेंब ०.०१ टक्के मिथिलीन ब्लूमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. जिवंत पेशी त्याचा रंग घालवतात आणि पांढऱ्या दिसतात, मेलेल्या निळ्या राहतात. शंभरात पाचाहून जास्त निळ्या दिसल्या तर नव्या वसाहतीपासून सुरुवात करा.

तिन्ही नळ्यांत काहीच येत नसेल तर क्रमाने पाहा: पेशी ओडी १ च्या पुढे गेल्या होत्या का, २-डिऑक्सिग्लुकोज नीट धुतले होते का, ग्लुकोजचे द्रावण खरेच १ मोलर होते का. दुसरे कारण वारंवार दिसते. ते रसायन उरले तर ग्लुकोज घालूनही एटीपी उभा राहत नाही.

क नळीतही अ इतकाच रंग आला तर बहुधा ती नमुने काढताना हातात गरम झाली. नळी बर्फातून उचलू नका, पिपेट तिच्यापर्यंत न्या.

एकाच चंबूतून तीनदा मोजणे म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या वसाहती, तीन वेगळे दिवस, तेव्हा सरासरी आणि विचलन काढा. आठ वाजता सुरू केले तर साडेचारपर्यंत आवरते आणि मुलांना ट्रान्स-हार्बर लोकलची गर्दी वाढण्याआधी निघता येते.

वाढीची जोडपरीक्षा

रंगाचा निचरा म्हणजे विषापासून बचाव, हे वेगळे दाखवावे लागते. वायपीडी आगर ५० अंशांपर्यंत निवल्यावर त्यात फ्लुकोनाझोल घाला: ०, १, २, ४, ८, १६ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर. डीएमएसओ या द्रावकात ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे द्रावण करून ठेवा, आणि शून्याच्या ताटलीतही तेवढेच डीएमएसओ घाला. दोन्ही वाण ओडी ०.१ ला आणून दहापटीने चारदा पातळ करा, प्रत्येकाचे ५ मायक्रोलिटर टिपके द्या, ३० अंशांवर ४८ तास ठेवा. पंप नसलेला वाण कमी मात्रेलाच मागे पडतो. फ्लुकोनाझोलचे लक्ष्य ईआरजी११ हे विकर आहे. एखादा वाण टिकून राहिला तर पंप वाढला की लक्ष्य बदलले, हे ताटली सांगत नाही. ते रंगाच्या प्रयोगातूनच कळते, म्हणून दोन्ही परीक्षा एकत्र कराव्यात.

खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकसारख्या संस्थांत कर्करोगावर जे संशोधन चालते, तिथे औषध न जुमानणाऱ्या पेशींबाबत प्रश्न हाच असतो: औषध आत शिरत नाही, बाहेर फेकले जाते, की लक्ष्यच बदलले? यकृत किंवा मूत्रपिंड अधू असलेल्या रुग्णाला कोल्चिसिन चालू असताना क्लॅरिथ्रोमायसिन देणे जिवावर बेतू शकते, कारण ते पी-ग्लायकोप्रोटीनला आणि यकृतातल्या विघटनाला एकाच वेळी अडवते.

रंगाची विल्हेवाट

रोडामाइन ६जी गिळल्यास अपायकारक आहे आणि डोळ्यांना गंभीर इजा करतो. पावडर मोजताना चष्मा, हातमोजे आणि बंद पंखा. सांडल्यास कोरड्या कपड्याने झाडू नका, ओल्या टिशूने टिपा.

रंगाचे पाणी बेसिनमध्ये ओतू नका. ठाण्याची खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, आणि आपल्या गटारांचे पाणी शेवटी तिकडेच जाते. गुलाबी द्रव, पहिली दोन धुणी आणि रंगलेल्या नळ्या झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये जमा करा. रंगलेल्या पेशी ऑटोक्लेव्ह केल्यावर यीस्ट मरते, रंग तसाच राहतो, म्हणून त्याही याच कॅनमध्ये. कॅनवर रसायनाचे नाव, अंदाजे तीव्रता आणि तारीख लिहा. तळोज्यात घातक कचऱ्याचे सामायिक प्रक्रिया केंद्र आहे. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाचा कचरा ज्या अधिकृत वाहतूकदाराकडून जातो, त्याच्याच फेरीत हा कॅन द्या आणि पावतीची प्रत प्रयोगवहीत चिकटवा.